खालची तळी

फोन आला तेव्हा मी आईंना पेज भरवत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांना दिसत जवळजवळ नाही, आणि खुबा मोडल्यापासून पलंगावरच. एका हातात चमचा, मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, अशी मी बसलेली असताना कोल्हापूरच्या दवाखान्यातून भाऊजींचा आवाज आला, "रेखा... गेली ती." मी नुसतं "हं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चमच्यातली पेज आईंच्या हनुवटीवरून ओघळत होती, ती पदराने पुसली. "कोनाचा फोन गो?" आईंनी विचारलं. "भाऊजींचा." "सुनंदा बरी हाय ना?" मी म्हटलं, "आधी पेज संपवा." आणि वाटीतली पेज शेवटच्या चमच्यापर्यंत भरवली, त्यांचं तोंड पुसलं, पाठीमागची उशी नीट केली आणि मग मागच्या पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मोठ्याने रडायचीसुद्धा सोय नव्हती. आवाज गेला असता तर आतून हाक आली असती.

सुनंदाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्यांचा जलदान विधी होऊन आता महिना उलटून गेला. शाळेतही शोकसभा झाली आणि लोक फार छान बोलले म्हणे. मी नव्हते. घरी कोण थांबणार? कुणीतरी व्हिडिओ पाठवला, तो मी आईंच्या पलंगाशी बसून आवाज बारीक करून पाहिला. एक पाहुणे म्हणाले, "बाईंनी आकाशाला गवसणी घातली." मला हसूच फुटलं. गवसणी कसली घालतेय मेली! शाळेतून परतल्यावर त्या बाईला स्वतःच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मला राग आला आणि त्या रागातच हे लिहायला घेतलंय. दुर्बीण केली ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती शाळेत आहे, तिच्यावर ताईंचं नाव आहे. पण तिच्यातला आरसा ज्या तळीवर घासला ती तळी आमच्या माजघरात आहे, आणि तिच्याविषयी त्या सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

आधी आमच्या घराची रीत सांगायला हवी. भाऊजी मुंबईला नोकरीत आणि माझे यजमान लोट्याला कंपनीत, पाळ्या संभाळून तिकडेच खोली घेऊन राहिलेले. घरात आई आणि आम्ही दोघी. बऱ्याच वर्षांपूर्वी वाडीतल्या एका हळदीला आम्ही दोघी मिळून गेलो होतो. तासाभराचंच काम होतं. तेवढ्यात आई मागच्या पायरीवर पडल्या आणि आम्ही येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. "घरात कोन हाय गो, घरात कोन हाय गो" असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. दोघे भाऊ धावत आले. ऑपरेशन झालं. आणि ओटीवर बसून भाऊजींनी सांगितलं, "यापुढे घर रिकामं राहता कामा नये. दोघींतली एक कायम घरात हवी." आम्हाला कोणी विचारलं नाही. एवढं बोलून दोघे भाऊ दुसऱ्या दिवशी आपापल्या नोकरीवर गेले. त्यांना बोलायला मोकळीक होती, आम्हाला ती रीत पाळायची होती. मधे एक बाई ठेवून पाहिली, तर आईंनी तिला पाणीसुद्धा पाजू दिलं नाही. त्या पायरीवरची भीती आईंच्या अंगात अशी बसली की दर थोड्या वेळाने त्या हाक मारतात, "घरात कोन हाय गो?" आणि कोणीतरी "मी आहे" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर त्यांचा श्वास वाढतो, हातपाय थरथरतात. ते ढोंग नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

तेव्हापासून एक आत, एक बाहेर. ताई शाळेत तेव्हा मी घरात. त्या परतल्या की मी खांद्याला पर्स लावून उभीच, कारण संध्याकाळचं वाचनालय माझ्याकडे आहे. आमची भेट उंबऱ्यात व्हायची. "पेज घेतलीय, गोळी राहिलीय", "कूस बदललीय", "आज जरा चिडलेल्या आहेत"... एवढंच बोलणं. एकाच घरात राहून आम्ही दोघी कधी एका लग्नाला गेलो नाही, एका बाजाराला गेलो नाही. विहारात पौर्णिमेला ताई गेल्या तर पुढच्या पौर्णिमेला मी. वाडीतली माणसं गमतीने म्हणायची, तुम्ही दोघी खरंच दोन आहात ना? रविवार आणि सुट्टी मात्र दोघी घरात. म्हणजे दोघी आत.

तर शाळेने एका उन्हाळ्यात ताईंना रत्नागिरीला शिबिराला पाठवलं. शिक्षकांनी स्वतः काच घासून दुर्बिणीचा आरसा करायचा, असं ते शिबिर होतं. ताई पहिल्या दिवशी संध्याकाळी आल्या त्या उंबऱ्यातच बोलायला लागल्या. त्यांचे हात राखाडी झाले होते आणि चेहरा असा फुलला होता की मी वाचनालय विसरून ऐकत राहिले. दोन दिवसांनी मी तापाने आडवी झाले. मग काय? शिबिर सोडून ताई घरी. त्यांच्या वाटणीची गोल जाड काच आणि पावडरीच्या पुड्या तेवढ्या त्यांना मिळाल्या, पण काच ज्याच्यावर घासायची ते टूल शिबिराचं होतं, ते तिथेच राहिलं. मी ग्लानीत होते, तरी मला आठवतं, ताई माझ्या कपाळावर पट्टी ठेवत म्हणाल्या, "असू दे गो. टूल काय, आपण करू."

आपण! मला तर टूल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. काचेच्याच मापाची एक जड चकती करायची, तिच्या तोंडावर फरशीचे तुकडे चिकटवायचे, त्यावर पाणी आणि पावडर घालून वरून काच पुढेमागे फिरवायची. घासून घासून वरची काच मधे खोल होत जाते आणि खालची चकती तेवढीच फुगत जाते. दोघी एकमेकींच्या मापाच्या होतात. मी म्हटलं, "ताई, यात खालची कोण आणि वरची कोण?" त्या म्हणाल्या, "आज तू, उद्या मी. पाळी लावू." आणि हसल्या. त्यांचं हसणं असं होतं की आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा.

प्लास्टर मिळालं गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यातून. तिथल्या पेंटरने उरलेली अर्धी गोणी दिली. आईंना वासावरून कळलं. "द्येव्हारा गेला तुमच्या आजेसासऱ्याच्या वक्ताला, आनि आता गनपतीची माती आनलाव व्हय घरात?" ताई म्हणाल्या, "आई, हिची पूजा नाही, हिला घासायचंय." "घासायचं तर भांडी घासा की!" आईंचं तोंड तेव्हा चांगलं चालायचं. काचेवर खोबरेल चोळून प्लॅस्टिक पसरलं. आता प्लास्टर ओतायचं तर काचेभोवती उभं कडं हवं. पुठ्ठा भिजून वाकायचा. ताईंनी कपाटावरून आईंच्या खुब्याचा एक्स-रे काढला आणि कात्रीने सरळ त्याची पट्टी कापली. मी ओरडलेच, "अहो ताई!" तर म्हणाल्या, "हाड जुळलं, आता फोटोचं काय करायचंय?" त्या पट्टीचं कडं छान ताठ उभं राहिलं. त्यातून आईंचं मोडलेलं हाड पांढरं दिसत होतं आणि आत आम्ही लापशीसारखं प्लास्टर ओतत होतो.

पण तोवर पाऊस लागला होता. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तिथे प्लास्टर काय वाळणार! आठवडा झाला तरी चकती थंडगार आणि ओली. अंगठा दाबला की खूण उमटायची. मग आम्ही दोघींनी मोठं डोकं लढवलं. आम्ही पावसाळ्यात जे वाळवायचं ते चुलीवर वाळवतो. चुलीवर टांगलेली बांबूची मांडणी आहे, तिच्यावर माझ्या माहेराहून हर्ण्याहून आलेले सुके बोंबील होते. त्यांच्या शेजारी चकती ठेवून दिली. चार दिवसांत अशी खडखडीत वाळली की आम्ही खूश! फरशीचे तुकडे चिकटवले, पहिली पावडर घातली, काच ठेवून दोन हात मारले आणि कडेपासून मऊ भाकरीसारखी चकती कुसकरायला लागली. जास्त तापलं की प्लास्टरमधला जीवच जातो म्हणे. हे शिबिराच्या पुढल्या दिवसांत सांगितलं असणार, आणि त्या दिवशी ताई माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. माजघरभर बोंबलांचा वास आणि पांढरा भुगा. आई आतून विचारतायत, "भात करपला काय गो?" आम्ही दोघी त्या भुग्यात बसून हसतोय, हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं.

दुसरी चकती पाऊस सरल्यावर त्याच एक्स-रेच्या कड्यात ओतली. घरापुढच्या खळ्यात उन्हात वाळवली, वर ऑइलपेंटचे हात दिले, म्हणजे पाणी आत शिरायला नको. शाळेत नवं बाथरूम झालं त्यातल्या फुटक्या पांढऱ्या फरश्या ताईंनी पिशवीतून आणल्या होत्या. तुकडे मी लावले. मला टापटीप लागते, म्हणून एक तुकडा बरोबर मधोमध ठेवला आणि बाकीचे त्याच्याभोवती फुलासारखे. इतकं सुरेख दिसत होतं! ताईंनी बघितलं आणि गोंद ओला आहे तोवर सगळे उचकटायला लावले. मधोमध काही आलं, फरशी असो की फट, तर काचेवर गोल वळं उठतात. "मधे कोणीच बसवायचं नाही, सगळं जरा एका बाजूला सरकवून लाव." मी चांगली तणतणले. चार तुकडे त्यांच्या हातावर आपटले आणि उठून गेले. परत आले तेव्हा त्यांनी माझी वाट बघत एकही तुकडा लावला नव्हता. "तूच लाव, तुझा हात नेटका आहे," म्हणाल्या. मी लावले.

लोट्याहून यांनी आणलेलं निळं पिंप पाणी भरून माजघरात ठेवलं, त्यावर फळी, फळीवर तळी, तळीवर काच. घासणारीने पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं घासलं जातं. फिरायचं आणि कुठेच जायचं नाही. त्या कामाला आमच्यासारख्या दोघी मिळाल्या नसत्या! पहिल्याच दिवशी आवाज ऐकून आईंनी विचारलं, "जातं कवा आनलाव?" जात्यासारखाच आवाज येतो तो, सुरुवातीला खरखरीत, मग पावडर झिजली की घोगरा, मग नुसता सुस्कारा. "जातं नाही हो आई, काच घासतोय." "मग पीठ कुठाय?" "पीठ नाही." "दिसभर दळताव नि पीठ नाय?" टूल हा शब्द आईंना काही रुचला नाही. जात्याच्या खालच्या न फिरणाऱ्या दगडाला तळी म्हणतात, तेच नाव त्यांनी याला दिलं आणि घरात तेच चालू झालं.

आणि एक चमत्कार झाला. तो आवाज चालू असला की आई हाक मारत नसत. आवाज आहे म्हणजे घरात कोणीतरी आहे, एवढं त्यांना पुरायचं. निवांत झोपायच्या. थांबलं की लगेच, "घरात कोन हाय गो?" पुढे पुढे तर हातही ओळखायला लागल्या. "थोरलीचा हात लागला की आवाज येकसारका. धाकटी घासते तवा वाटतं, हिच्या पाठी कोन लागलाय." खरंच होतं ते. मला एकदाचं संपवायची घाई असायची आणि ताईंना त्यात कुठलीच घाई नसायची. त्या घासताना गप्प असत. मी बडबडत असे.

एकदा मात्र घोळ झाला. आईंना ठसका लागला म्हणून ताई काच तळीवर तशीच ठेवून धावल्या. परत येईपर्यंत पाणी आटलं आणि काच तळीला अशी चिकटली की दोघींनी जोर लावला तरी हलेना. बादलीत बुडवून ठेवली, कोमट पाणी, मग गार पाणी, मग लाकडाची पाचर लावून हळूच ठोके... प्रत्येक ठोक्याला वाटायचं, गेली काच. दुसऱ्या दिवशी एकाएकी सरकन सुटली. तेव्हापासून ताईंनी नियम केला. हाक येवो, ठसका येवो, आधी काच उचलायची आणि मग जायचं. "थांबा आई, काच उचलते!" असं ओरडून मग धावायच्या. त्या घरात आईंना "थांबा" म्हणायची हिंमत तेवढ्या एका कारणाने आम्हाला आली.

बारीक बारीक पावडरी संपत गेल्या. प्रत्येक वेळी पिंप, फळी, नखं, सगळं धुवायचं, साडीसुद्धा बदलायची, जाड पावडरीचा एक कण राहिला तरी ओरखडा. आमच्या घरात सोवळं कधी शिरलं नव्हतं, ते या पावडरीने आणलं. पॉलिशला राळ लागते, ती हर्ण्याला होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात, माझ्या भावाने डबाभर पाठवली. भाऊजींनी मुंबईहून काचेला चांदीसारखा मुलामा देऊन आणला, शाळेच्या सुताराने नळी बसवली, आणि एक दिवस आमचा आरसा दुर्बिणीत बसून शाळेत गेला. तळी घरीच राहिली. ताई तिला धुऊन पुसून पिंपावर ठेवत म्हणाल्या, "हिला काय दिसणार नाही." मी म्हटलं, "मलातरी कुठे दिसणार आहे?"

कारण दुर्बीण लावायची ती गावाच्या वर, सड्यावर. आमच्या खळ्यातून फणस आणि माडांमधून आभाळाचा एक तुकडा दिसतो, त्याचा काही उपयोग नाही. सडा म्हणजे मोकळा कातळ, चारी बाजूंनी आभाळ. संध्याकाळी पोरांना घेऊन ताई गेल्या, मी वाचनालय बंद ठेवून घरी थांबले. परत आल्या तेव्हा उंबऱ्यातच माझे दोन्ही हात धरले. "रेखा, चंद्रावरचे खड्डे... खड्ड्यांच्या कडांची सावली दिसते गो! आपल्या हातचं आहे ते." आणि लगेच म्हणाल्या, "उद्या तू जा. मी थांबते." मी नाही म्हटलं. मला कोण दाखवणार, शाळेचे मास्तर? दोघींनी घासलंय तर दोघी मिळून बघू, नाहीतर मला ते आभाळ नको. मी हट्टी आहे आणि या बाबतीत मला आजही माझंच बरोबर वाटतं. ताईंनी वाद घातला नाही. "बरं. मग एकदा दोघींनी सड्यावर जायचं, बस्स. एवढं एक झालं पाहिजे." त्या दिवसापासून तेच त्यांचं मागणं झालं. दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वन्स चिपळूणहून राहायला आल्या आणि म्हणाल्या, "जा गो दोघी, मी आहे आईजवळ." आम्ही दोघींनी चांगल्या साड्या काढल्या. ताईंनी पावडर लावली, ही चेहऱ्याची! उंबरा दोघींनी एकदम ओलांडला आणि दोघी एकदम थबकलो, कारण पर्स कोणाकडे, निरोप कोणी कोणाला द्यायचा, तेच सुचेना. मग हसत हसत पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागलो. ऊन कलत होतं. वर पोरांचा गलका ऐकू येत होता, मास्तर दुर्बीण लावत होते. चिरेखाणीच्या वळणावर ताई थांबल्या. चेहरा उतरलेला. "आईंनी हाक मारली." मी म्हटलं, "ताई, इथून कुठली हाक ऐकू येतेय?" "मला आली गो." आणि काय सांगू... त्या म्हणाल्या आणि मलाही आली. घरात कोन हाय गो. अगदी कानाशी. मी दोन पावलं पुढे टाकून बघितली. पाय पुढे जाईनात. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी वळलो.

घरी येऊन बघतो तर आई गाढ झोपलेल्या, घोरतायत. वन्स ओटीवर मोबाइल बघत बसलेल्या. "काय विसरलाव काय?" आम्ही सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "तुम्हाला कोण कोंडतंय गो? तुम्हीच आतून कडी घातलीय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसांची पाहुणी, हिला काय माहीत! मी वन्सना नको ते बोलले. ताई साडी बदलून माजघरात गेल्या आणि रिकाम्या तळीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढल्या वेळी कानात कापूस घालून जाऊ." आणि त्यांचे खांदे हलले. हसतायत की रडतायत ते मला पाठीमागून कळलं नाही.

पुढली वेळ यायची होती. तोवर ताईंनी दुसरी काच मागवली. "ही तुझी. ही तू घासायची, मी हात लावणार नाही." तळी तीच, जुनी, फुगलेली. तिच्यावर सपाट काच ठेवली की सुरुवातीला डगमगते, मग हळूहळू बसते. मी घासायला लागले आणि ताई बाजूला बसून वह्या तपासायच्या. "हळू," एवढंच मधून मधून म्हणायच्या. "हळू गो. कुठे जायचंय तुला?"

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, रत्नागिरी झालं, कोल्हापूर ठरलं. भाऊजी गाडी घेऊन आले. मी सोबत जाणार नव्हते, ते कोणी बोललंही नाही, सगळ्यांना ठाऊकच होतं. उंबऱ्यात आमची नेहमीसारखी भेट झाली, फक्त पर्स त्यांच्या खांद्याला होती. नेहमीसारखाच निरोप मी त्यांच्याकडून घेतला. "आईंची संध्याकाळची गोळी बदललीय. आणि काच तळीवर ठेवून उठू नको. हाक आली तरी आधी काच उचल." मी म्हटलं, "या लवकर, मला वाचनालय आहे." त्या "हो, हो" म्हणाल्या. हे आमचं शेवटचं बोलणं. याहून बरं काही बोलता आलं असतं असं लोकांना वाटेल, मला नाही वाटत. उंबऱ्यात आम्ही रोज हेच बोलत आलो होतो.

घरी आणलं तेव्हा वाडी लोटली होती. आईंना सांगितलं. त्यांनी ताईंच्या तोंडावरून हात फिरवला, खूप रडल्या. आणि दुसऱ्या सकाळी विचारलं, "सुनंदा शाळंत गेली?" मी पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा तितक्याच रडल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "हो, गेली शाळेत." ताईंचं ते रोज नव्याने मरण मला सोसवेना. वाचनालयाची किल्ली मी परत दिली आहे. पुरुष माणसं म्हणतात, काहीतरी बघू. बघतील. आता एक आत आणि एक बाहेर असं काही राहिलं नाही. एकच आहे, ती आत.

दुपारी मी काच घासते. दुसरं काय करणार? आवाज असला की आई शांत असतात आणि मलाही घरात कोणी असल्यासारखं वाटतं. तळीवरचे फरशीचे तुकडे झिजून पातळ झालेत, कडेला एका जागी एक्स-रेच्या पट्टीच्या जोडाची रेघ अजून दिसते. काच आता डगमगत नाही, चांगली बसली आहे. माझी घाई कधी गेली ते मला कळलं नाही. कुठे जायचंय मला?

गेल्या रविवारी अशीच घासत होते. पुढचं दार उघडं होतं, त्यातून पाखाडीच्या पायऱ्या उन्हात दिसत होत्या. आई जाग्या झाल्या. मला वाटलं, आवाज चालू आहे, हाक मारणार नाहीत. पण त्यांनी मारली. "सुनंदे."

मी थांबले नाही. थांबले असते तर आवाज थांबला असता.

"सुनंदे, ती धाकटी कुठं हाय गो? हितंच असंल मेली. तिला जरा भायेर जाऊन येऊ दे. किती वर्सं झाली, कोंडून घातली आपन बिचारीला. जाऊ दे तिला सड्यावर. माज्यापाशी तू हायस ना?"

इतक्या वर्षांत आईंच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. ताईंनीही ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, हातांखालची काच दिसेना, तरी हात आपले एकसारखे चालतच होते.

"हायस ना गो सुनंदे?" आईंनी पुन्हा विचारलं.

"आहे, आई," मी म्हटलं, आणि काच न उचलता पिंपाभोवती फिरत राहिले.